जुनी रजिस्टरं पावसाआधी वाचवायची आहेत : घरटी मदतीचं आवाहन

ख्रिस्तात प्रिय धर्मग्रामवासीयांनो,

ही सूचना मी मिस्सानंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) दोन रविवार वाचली. पहिल्या रविवारी शेवटचं गीत संपायच्या आत निम्मं देऊळ पार्किंगला पोचलं होतं, दुसऱ्या रविवारी माईक गेला. म्हणून आता लेखी.

सॅक्रिस्टीमागच्या (वेदीशेजारच्या पूजेच्या वस्त्रांच्या खोलीमागच्या) खोलीत आपली बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मरणाची जुनी रजिस्टरं आहेत. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा कपाटाचा खालचा खण भिजला. त्या वेळी सोडॅलिटीच्या (चर्चमधल्या भक्तिमंडळाच्या) मावश्या आणि युवकांनी जे केलं ते या धर्मग्रामात कोणी विसरू नये. घरात गुडघाभर पाणी असताना त्या बाया इथे आल्या, हॉलमधले सगळे पंखे लावले, पानापानांत कोरा कागद घातला आणि दर तासाला तो बदलला. चार दिवस हेच चाललं. एका मावशीने तर स्वतःच्या लग्नाचं पान स्वतःच वाळवलं. त्या आता आपल्यात नाहीत. पान आहे.

त्याआधीचं श्रेय गुरुजींचं. कोणते गुरुजी हे सांगायला नको. निवृत्तीनंतर रोज सकाळच्या मिस्सानंतर बसून त्यांनी सगळ्या नावांची सूची हाताने केली. जुने पाद्री पोर्तुगीजमध्ये लिहीत, त्यामुळे घरचा बस्त्याव रजिस्टरात ‘सेबास्त्यांव’ असायचा आणि इनास ‘इनासियो’. कोण कुठल्या आळीतला, हे गुरुजींशिवाय कोणाला लागलं नसतं. कपाट दिलं कुवेतच्या मुलांनी, स्वतःच्या पगारातून. आणि सुकेळी (वाळवलेली केळी) विकून ज्या महिला मंडळाने घंटेचा दोर, छताचे वासे आणि शेवटी हॉलचे पंखे केले (तेच ते पंखे!), त्यांचे आभार मानायला हा कागद पुरणार नाही.

पण वाळवणं म्हणजे दुरुस्ती नाही. जुनी शाई लोखंडाची, ती हळूहळू कागद खाते. काही पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक आहे. कसर लागली आहे. कोणीतरी चांगल्या मनाने फाटलेल्या पानांना सेलोटेप लावला होता, तो पिवळा पडून खालची ओळच घेऊन सुटतो. (कृपया यापुढे कोणीही सेलोटेप लावू नये.) आता एकेक पान साफ करून, पातळ जपानी कागद मागून चिकटवून, पुन्हा बांधायचं आहे. मग स्कॅनिंग. नोंदी इंटरनेटवर जाणार नाहीत; जातील अशी शंका तिघांनी घेतली म्हणून स्पष्ट सांगतो. त्यात घराघरातल्या गोष्टी असतात.

‘एवढा खर्च वह्यांवर कशाला, त्यापेक्षा एसी बसवा’ असं सभेत एक जण म्हणाले. त्यांना मी एक पान दाखवलं. वर बाप्तिस्मा, पोर्तुगीजमध्ये, आपण दमण धर्मप्रांतात होतो तेव्हाचा. 1928 ला तो धर्मप्रांत मोडला आणि आपला भाग मुंबईत गेला, 1998 ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, वह्या मात्र याच खोलीत राहिल्या. त्या नोंदीच्या समासात वेगळ्या शाईत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार), आणखी वेगळ्या शाईत लग्न. पुढच्या खंडात त्याच बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीच्या नातीचं नाव, आणि समासात तिचं लग्न, कॅनडातल्या चर्चमधून कागद आला तेव्हा बॉलपेनने लिहिलेलं. माणूस कुठेही लग्न करो, ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या पानावर परत येऊन लिहायचं, हा चर्चचा नियम आहे. लॅटिन मिस्सा गेली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली, आता फ्लॅटमधल्या नव्या कुटुंबांसाठी इंग्रजी मिस्साही आहे. वाड्या गेल्या, केळी गेल्या. समास भरत राहिला. ते गृहस्थ नंतर काही बोलले नाहीत. देणगीही अजून आलेली नाही.

थोडं मनातलं लिहितो, राग मानू नये. लग्न ठरलं, व्हिसा आला, शाळेत प्रवेश हवा, वारसनोंद करायची असली की याच वह्यांतल्या दाखल्यासाठी ऑफिसबाहेर रांग लागते आणि ‘फादर, आजच्या आज’ असतं. मागच्या वर्षी याच कामासाठी लिफाफे वाटले. बरेचसे परतच आले नाहीत. जे आले त्यातल्या काहींत फक्त शुभेच्छा होत्या. पूर्वेच्या इमारतींतल्या नव्या कुटुंबांनी मात्र, ज्यांचं एकही नाव या जुन्या वह्यांत नाही, भरभरून दिलं. त्यांची मुलं आता नव्या रजिस्टरात आहेत, म्हणून त्यांना कळलं असावं.

तपशील थोडक्यात, जागा संपत आली आहे. घरटी 1,000 रुपये अपेक्षित, जास्तीला मर्यादा नाही, कमी असलं तरी संकोच नको. बांधणीवाल्याचं कोटेशन सूचनाफलकावर आहे, नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) कागदाखाली. रोख किंवा चेक, चेक चर्चच्या नावे, समितीच्या नावे नको. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर पॅरिश ऑफिसात, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. परदेशातल्यांनी : भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या खात्यातून पाठवायला हरकत नाही, पासपोर्ट परदेशी झाला असेल तर आधी ऑफिसात विचारा, ती देणगी विदेशी धरली जाते आणि कायदा वेगळा आहे. एखादा पूर्ण खंड आईवडिलांच्या स्मरणार्थ करून द्यायचा असेल तर मोठ्या फादरांना भेटा. काम मे महिन्याच्या आत व्हायला हवं, बांधणीवाला पावसात कागद हातात घेत नाही. स्कॅनिंगला बसायला पोर्तुगीज अक्षर लागणारं कोणी असेल तर फारच बरं, गुरुजींची नजर आता अधू झाली आहे.

लिफाफे या रविवारी बाकांवर ठेवले आहेत. रिकामा असला तरी परत आणा, छापायला पैसे पडतात.

आपला,
सेक्रेटरी, रजिस्टर जतन समिती
(पॅरिश कौन्सिलच्या वतीने)