सदर्न ५०० आठवणाऱ्यांचे आवाज राज्याने जपावेत: साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
साउथ कॅरोलिना राज्य, कोलंबिया

विषय: डार्लिंग्टनच्या ‘सदर्न ५००’ मोटारशर्यतीचा मौखिक इतिहास राज्याने नोंदवून ठेवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गच्या पट्ट्यात मोटारींचे आणि टायरचे कारखाने आले, त्यांच्यामागोमाग आम्ही बरीच मराठी कुटुंबंही आपल्या राज्यात येऊन राहिलो. मी त्यांतलाच एक, टायरच्या धंद्यात उमेदीची वर्षं घातलेला. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. इथे मराठीत लिहितो आहे, कारण लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुट्टीत आमची मंडळी मर्टल बीचला निघतात, डार्लिंग्टनच्या जवळून जातात आणि त्याच दिवसांत तिथे काय चाललेलं असतं याची बहुतेकांना कल्पना नसते. या राज्यात कर भरायचा आणि इथल्या मातीतल्या एका मोठ्या वार्षिक मेळ्याशी आपला संबंध नाही असं मानायचं, हे मला पटत नाही.

मागणी आधीच सांगतो. ही शर्यत ज्यांनी पाहिली, चालवली, जिच्यासाठी जे राबले आणि जिच्यापासून ज्यांना दूर ठेवलं गेलं, त्या सगळ्यांच्या आठवणी राज्याने स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. येत्या अर्थसंकल्पातच याची तरतूद व्हावी. ४ सप्टेंबर १९५० रोजी पहिली सदर्न ५०० झाली. त्या दिवशी बापाच्या खांद्यावरून शर्यत पाहणारं दहा वर्षांचं पोर आज पंचाऐंशीच्या पुढे गेलं आहे.

ही कथा हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन यांच्यापासून सुरू होते. १९३३ साली त्यांनी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत पाहिली आणि तसा डांबरी ट्रॅक आपल्या गावात हवा हे मनात घेतलं. त्या काळी दक्षिणेतल्या स्टॉक कार, म्हणजे शोरूममधून निघालेल्या साध्या घरगुती गाड्या, मातीच्या छोट्या ट्रॅकवर धावत. कापूस-तंबाखूच्या मुलखात सव्वा मैलाचा डांबरी ट्रॅक बांधतो म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं. ब्रॅसिंग्टन यांनी शर्मन रॅम्सी यांच्याकडून शेतजमीन घेतली आणि १९४९च्या शेवटाला काम सुरू केलं. रॅम्सींची अट एकच होती: आपल्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एका बाजूची वळणं आखडती घ्यावी लागली आणि ट्रॅकला अंड्याचा आकार आला. तो आजही तसाच आहे. एका टोकाची वळणं रुंद, दुसऱ्या टोकाची अरुंद, त्यामुळे गाडी एका टोकाला जुळवून घेतली की दुसऱ्या टोकाला कुरकुर करते. पंचाहत्तर वर्षं जगातले हुशार इंजिनिअर या तळ्याशी झुंजत आले आहेत.

पहिल्या शर्यतीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती टायरने जिंकली.

एकेका रांगेत तीन अशा २५ रांगांत ७५ गाड्या उभ्या होत्या. पाहायला सुमारे २५,००० माणसं आली, ब्रॅसिंग्टन यांच्या अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. साध्या गाड्या ५०० मैल टिकतील का, याची शंका खुद्द बिल फ्रान्स यांनाही होती. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेचे ते संस्थापक. पात्रता फेरीत कर्टिस टर्नर यांनी ताशी ८२ मैलांचा वेग काढला होता. जॉनी मँट्झ यांची छोटी काळी प्लिमथ मात्र ४३व्या जागेवरून निघाली. मँट्झ इंडियानापोलिसला धावलेले होते. तापलेलं डांबर रबराचं काय करतं हे त्यांना माहीत होतं, आणि मातीवर वाढलेल्या बाकीच्यांना ते त्या दिवशी कळायचं होतं. भरधाव गाड्यांचे घरगुती टायर एकामागून एक फुटत गेले. त्या प्लिमथला मात्र ट्रकच्या जातीचे कडक रबराचे टायर होते, आणि मँट्झ यांनी वेगाचा मोह सोडून एका चालीने गाडी चालवली. ६ तास ३८ मिनिटांनी शर्यत संपली तेव्हा ते दुसऱ्या क्रमांकावरच्या फायरबॉल रॉबर्ट्स यांच्या नऊ फेऱ्या पुढे होते. सरासरी वेग ताशी ७५.२५ मैल. बक्षीस १०,५१० डॉलर. टायरच्या झिजेचा अभ्यास करणारा कोणीही ही शर्यत आदराने मान झुकवून वाचतो. घर्षण, उष्णता आणि संयम यांचं गणित एका माणसाने त्या दुपारी हजारोंसमोर सोडवून दाखवलं.

त्या प्लिमथच्या मालकांत ह्यूबर्ट वेस्टमोरलँड हेही एक होते, आणि याला एक मागचा धागा आहे. जून १९४९मध्ये शार्लटला नॅस्कारची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटातली पहिली शर्यत झाली. तिथे आधी पोचलेली ग्लेन डनावे यांची फोर्ड वेस्टमोरलँड यांचीच होती. चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांसारखे तिचे स्प्रिंग बदललेले सापडले आणि गाडी बाद झाली. वेस्टमोरलँड कोर्टात गेले, हरले, आणि आपल्या शर्यतीचे नियम आपण ठरवण्याचा नॅस्कारचा अधिकार पक्का झाला. त्यानंतर वर्षभरातच त्यांची गाडी नॅस्कारच्या पहिल्या ५०० मैली शर्यतीत पहिली आली, आणि भागीदारांत बिल फ्रान्स स्वतः होते! रात्रीच्या डोंगरवाटांवर पोलिसांना चुकवणाऱ्या धंद्यातून नियमांनी बांधलेला खेळ कसा उभा राहिला, हे या दोन शर्यती शेजारी ठेवल्या की लख्ख दिसतं.

पुढची नावं आपल्याला मी सांगायला नकोत. टिमन्सव्हिलचे केल यारबरो पोरवयात कुंपणाखालून आत शिरले आणि पुढे पाच वेळा हीच शर्यत जिंकले. डिसेंबर २०२३च्या अखेरच्या दिवशी ते गेले. स्पार्टनबर्गचे डेव्हिड पिअर्सन डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर दहा वेळा जिंकले, तेही आता नाहीत. १९६५ साली नेड जॅरेट तब्बल १४ फेऱ्यांच्या फरकाने जिंकले, पण त्याच शर्यतीत जखमी झालेले ब्युरेन स्कीन पुढे दगावले. १९६०मध्ये एक गाडी पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना टायर बदलण्याच्या जागेत, घुसली, दोन मेकॅनिक आणि एक अधिकारी जागीच गेले. विजेत्यांचे फोटो संग्रहालयात लागतात. त्या तीन घरांत पुढे काय झालं, हे कोणी विचारायला गेलं का?

आता अवघड भागाकडे येतो, कारण तो टाळून लिहिलेला इतिहास मला नको आहे आणि राज्यालाही नसावा.

जुन्या सदर्न ५००च्या थाटामाटात गृहयुद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा सगळीकडे फडकत असे. १९५७पासून मे महिन्यात ‘रेबेल ३००’ नावाची दुसरी शर्यत सुरू झाली, तीही त्याच बंडखोर दक्षिणेच्या अभिमानाने. या मैदानात कृष्णवर्णीय माणसाला जागा किती होती, हे वेंडेल स्कॉट यांच्या आयुष्यावरून कळतं. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे हे मेकॅनिक स्वतः गाडी बांधत, स्वतः ओढून नेत, स्वतः चालवत. डार्लिंग्टनने सुरुवातीला त्यांना दारातच अडवलं. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला ते दोन फेऱ्यांनी जिंकले, तरी पंचांनी विजेता म्हणून बक बेकर यांचं नाव पुकारलं. चूक काही तासांनी मान्य झाली, तोवर गर्दी घरी गेली होती. बेकर आपल्या राज्याचे सुपुत्र, सदर्न ५०० तीन वेळा जिंकलेले. स्कॉट १९९०मध्ये वारले, आणि त्या विजयाचा चषक त्यांच्या कुटुंबाच्या हातात पडायला ऑगस्ट २०२१ उजाडलं. अठ्ठावन्न वर्षं.

१७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये, तो झेंडा घेऊन फोटो काढणाऱ्या एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली, आणि १० जुलैला राज्याने विधानभवनाच्या आवारातून तो झेंडा उतरवला. नॅस्कारने त्याच उन्हाळ्यात प्रेक्षकांना झेंडे न आणण्याची विनंती केली आणि जून २०२०मध्ये बंदी घातली. माझ्या दृष्टीने हे दोन्ही निर्णय या शर्यतीच्या इतिहासातलं एखाद्या विजयाइतकंच महत्त्वाचं पान आहे. ट्रॅकपासून काही मैलांवर शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना दर सप्टेंबरमध्ये इंजिनांचा आवाज ऐकू येत असे. त्यांतल्या किती जणांना आत जावंसं वाटलं, किती जण गेले, तिथे त्यांना कसं वागवलं गेलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं पाहिजे. ऐकणारा सरकारचा माणूस असेल तर त्या ऐकण्याला वेगळा अर्थ येईल.

आणि या जपणुकीसाठी राज्यानेच पुढे का यावं? उत्तर २००४मध्ये आहे. आमच्याकडे गावच्या जत्रेची तिथी सरपंचही बदलत नाही. सदर्न ५००ची तिथी मात्र एका कंपनीच्या वेळापत्रकातून गेली. लेबर डेची जागा कॅलिफोर्नियातल्या फाँटाना ट्रॅकला दिली गेली. २००३च्या ऑगस्ट अखेरीस टेरी लबाँटी जिंकले, तेच जुन्या तिथीवरचे शेवटचे विजेते ठरले. त्यांचा पहिला विजयही १९८०च्या सदर्न ५००मधलाच होता, आणि हा त्यांचा शेवटचा. त्यानंतर टेक्सासच्या ट्रॅकला दुसरी तारीख मिळावी म्हणून चाललेल्या खटल्यात तडजोड झाली, आणि तिची किंमत दोन जुन्या ट्रॅकनी मोजली: डार्लिंग्टनची दोनपैकी एक शर्यत गेली, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकिंगहॅमची उरलेली एकमेव. रॉकिंगहॅमच्या उभारणीतही ब्रॅसिंग्टन यांचाच हात होता. काही वर्षं तर सदर्न ५०० हे नावसुद्धा वेळापत्रकात नव्हतं, ते २००९मध्ये परतलं.

अखेर २०१५मध्ये शर्यत लेबर डेच्या आठवड्यात परत आली, गाड्या जुन्या रंगांत सजून धावल्या आणि कार्ल एडवर्ड्स जिंकले. लोकांनी ते पुनरागमन डोक्यावर घेतलं. पण ज्या फाँटानासाठी ही तिथी हिसकावली, तिथला दोन मैलांचा ओव्हल २०२३च्या शर्यतीनंतर मोडीत निघाला. धंद्याच्या हिशेबाने घेतलेले निर्णय वीस वर्षंही टिकत नाहीत. त्या हिशेबावर पंचाहत्तर वर्षांची आठवण टांगून ठेवणं मला फार धोक्याचं वाटतं. ट्रॅकच्या मालकांना मी दोष देत नाही. तिकीट विकणं हे त्यांचं काम आहे, आणि संग्रहालय त्यांनी १९६५पासून चालवलं हे त्यांचं श्रेयच. पण खासगी संग्रहालयात काय ठेवायचं, काय गाळायचं, हे मालक ठरवतो. राज्याच्या दप्तरावर सगळ्यांचा हक्क असतो.

शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनाने २०२१मध्ये केंद्राकडून आलेल्या साथकाळच्या मदतीतून नॉर्थ विल्क्सबरोच्या उजाड ट्रॅकला १ कोटी ८० लाख डॉलर दिले. १९९६नंतर नॅस्कारने सोडून दिलेल्या त्या ट्रॅकवर मे २०२३मध्ये नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत झाली. मी मागतो आहे ते याच्या पासंगालाही पुरणार नाही. डांबर, पायऱ्या, दिवे काही नको. ध्वनिमुद्रणाची साधनं, चार-पाच प्रशिक्षित मुलाखतकार आणि दोन-तीन वर्षांचा त्यांचा पगार, एवढंच.

यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलिनामध्ये मौखिक इतिहासाचा विभाग आहे. डार्लिंग्टन काउंटीचं स्वतःचं ऐतिहासिक मंडळ आणि संग्रहालय आहे. दोघांना एकत्र बसवून जबाबदारी सोपवावी. मुलाखती ड्रायव्हरांपासून सुरू करू नयेत, त्यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या आहेत. आधी पिटमध्ये टायर बदलणारे, जॅक मारणारे, मैदानाच्या आत गाडीच्या टपावर रात्र काढणारे, रुग्णवाहिका चालवणारे, तिकीटखिडकीवर बसलेले, चर्चच्या मदतीसाठी खाण्याचे स्टॉल लावणाऱ्या बायका. आणि त्याच पहिल्या फेरीत, मागाहून आठवलं म्हणून नव्हे, काउंटीतली कृष्णवर्णीय कुटुंबं. जमा होईल ते सगळं शाळांना आणि सामान्य माणसाला विनामूल्य ऐकता यावं.

टायरवाला म्हणून एक तांत्रिक विनंतीही करतो. डार्लिंग्टनचं वाळूमिश्रित खरबरीत डांबर टायर असं खातं की नव्या टायरवरची फेरी आणि जुन्या टायरवरची फेरी यांत कित्येकदा दोन सेकंदांहून जास्त फरक पडतो. भिंतीला घासून उजव्या बाजूला उमटणारा ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ही त्याच झगड्यातून येतो. संगणक नव्हते तेव्हा हाताच्या तळव्याने टायर चाचपून ‘अजून वीस फेऱ्या निघतील’ असं सांगणारे मेकॅनिक होते. ते ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत उतरलेलं नाही. त्यांच्यातले जे हयात असतील त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून हातात झिजलेला टायर द्यावा आणि बोलू द्यावं. भाषांतराला, लिप्यंतराला, टायरच्या तांत्रिक शब्दांच्या टिपणांना माणसं लागली तर मी आणि माझ्या ओळखीचे काही निवृत्त इंजिनिअर विनामोबदला यायला तयार आहोत.

येत्या लेबर डेच्या आधी आपण या विषयावर निर्णय जाहीर करावा, ही विनंती. नकार द्यायचा असेल तर तोही कारणांसह द्यावा, म्हणजे देणग्या गोळा करून आम्हा नागरिकांना कामाला लागता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
ग्रीनव्हिल परिसरातील एक मराठी रहिवासी