अकरा नावं

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुला ना पत्र, ना फोन. रागावला असशील तर ते बरोबरच आहे, पण हे शेवटपर्यंत वाच. माझा गुडघा तसाच, आईला आता कमी दिसतं, बाकी सगळे ठीक.

या आठवड्यातल्या कार्यक्रमाचं तुझ्या कानावर आलंच असेल. जे आलं असेल ते अर्धं असणार, म्हणून लिहायला बसलो.

पूरग्रस्तांसाठीचा कार्यक्रम होता, बिदागी कुणीच घेणार नव्हतं. आठ दिवस आधी मी त्या गावी जाऊन आलो. देवळात भजनी मंडळाची पेटी उन्हात उघडून ठेवली होती. भाता पार सुटला होता, पट्टी दाबली की नुसती फुस्स हवा. पखवाजाची पुडी सडली होती. वादीला मी बोट लावलं तर ती हातातच आली. वाजवणारा शेजारीच उकिडवा बसला होता. म्हणाला, "हे होईल हो नीट. माझं नाव यादीत नाही त्याचं काय?"

तो वाट्यानं शेती करतो. दोन एकर सोयाबीन त्यानं पेरलं, खताची उधारी त्याची, पण सातबारा मालकाचा. त्यामुळे पंचनाम्यात नाव मालकाचं आणि भरपाईही त्यालाच. अशी अकरा घरं निघाली. मी बंदिशींच्या वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं लिहून घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी आयोजक आत येऊन म्हणाले, "तुम्ही गावाला जाऊन आलात असं कळलं. तेवढं राजकारण मात्र नको." मी बरं म्हणालो. खरंच बोलायचं नाही असं ठरवूनच मंचावर गेलो होतो. सतार मिळवून झाली, समोर पाहिलं, तर तो पखवाजवाला बायकोला घेऊन तिसऱ्या रांगेत बसलेला. माझ्याच्यानं राहवेना. वही काढली, अकराही नावं वाचली, आणि म्हणालो, पेरलं यांनी, बुडालं यांचं, तेव्हा यांची नावं यादीत घाला. मग राग देस वाजवला. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही, फक्त बायकोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन लाखांचा चेक जाहीर केलेल्या व्यापाऱ्यानं तो मागे घेतला. निरोप आला, आम्ही मदत देणार होतो, आंदोलनाला पैसे नव्हते द्यायचे. पुढच्या सभेतून माझंही नाव गेलं. त्याचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. पण दोन लाख, बाळ्या. गोठ्यातली जनावरं उभी आहेत आणि कडबा भिजून काळा पडलाय. माझ्या दोन वाक्यांनी त्यांचा चारा गेला का? चार रात्री हेच चाललंय डोक्यात.

अण्णांच्या माडीवरची ती तीन तबकड्यांची पेटी आठवते? न्यूयॉर्क, १ ऑगस्ट १९७१, निर्वासितांच्या मदतीसाठीचा 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँसाहेब, तबल्यावर अल्लारखाँ. लोक वाद्यं मिळवण्यालाच टाळ्या देतात, आणि पंडितजी म्हणतात, हे एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल. ते ऐकून तू दरवेळी लोळायचास. माझं लक्ष असायचं ते त्याच्या आधी जे बोलतात त्याकडे: आम्ही राजकारण करत नाही, आम्ही कलाकार आहोत. ते वाक्य तू माझ्या तोंडावर फेकलं होतंस, आठवतं? मी गिरणी कामगारांच्या मोर्चात गायला निघालो तेव्हा. दोन महिने बोललो नव्हतो आपण, अण्णांनी एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा कुठे मिटलं.

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचतंय. ते वाक्य पंडितजी कुठल्या कार्यक्रमात बोलले? त्या कार्यक्रमाच्या नावातच बांगलादेश होतं. नकाशावर तेव्हा पूर्व पाकिस्तान होतं, अमेरिकेत निक्सनचं सरकार पाकिस्तानच्या लष्करशहा याह्याखानाच्या बाजूचं होतं, आपल्या सरकारनंसुद्धा त्या देशाला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला. त्याआधी चार महिने अमेरिकेत भर मंचावरून ते नाव घ्यायचं, याला तू काय म्हणशील? आणि त्यांना परकं काय होतं त्यात? स्वतः बंगाली, गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ पूर्व बंगालातल्या ब्राह्मणबाडियाकडचे. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून इकडे आली होती. घरच्यांचं दुःख सांगायला माणूस परवानगी मागतो का?

पैशाचंही बघ. पंडितजींच्या मनात पंचवीस हजार डॉलर जमवायचे होते. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं हातात घेतलं आणि एका दिवसात दोन खेळ झाले, चाळीस हजारांच्या आसपास माणसं आली, तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. तबकड्या आणि चित्रपटाचे पैसे मात्र करसवलतीची व्यवस्था आधी केली नव्हती म्हणून अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकले. नाव एका दिवसात जगभर झालं. पैसे मागाहून, रडतखडत.

दोन दिवस मी या हिशेबावर मनाची समजूत घातली. मग वाटलं, ही तुलना चालायची नाही. तिथे नाव घेतल्यामुळे कुणाचा चेक परत गेला नव्हता. तिथे चाळीस हजार होते, माझ्यासमोर तीनशे. आणि तू काय म्हणशील तेही ऐकू येतंय: "अरे, चेक आधी वटू द्यायचा, मग बोलायचं." कदाचित तेच शहाणपणाचं होतं. पण वटल्यावर मी बोललो असतो का? एकदा पैसे हातात आले की देणाऱ्याला दुखवणं आणखी जड जातं, हे आपण दोघांनी इतक्या सभांमधून पाहिलंय.

अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज तहसीलमध्ये दिला, पोच घेतली. व्यापाऱ्याकडेही उद्या जातोय. बोललो त्याची माफी मागणार नाही, फक्त म्हणणार आहे की माझ्यावरचा राग गुरांवर काढू नका. माझ्या हातात चेक द्यायचा नसेल तर चाऱ्याची गाडी परस्पर गावात पाठवा.

तुझ्या मुलीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. दुकानाच्या भाड्याचं मिटलं का? वहिनींना नमस्कार.

गुरुवारी भजनी मंडळाची ती पेटी घेऊन मिरजेला येतोय. भाता तूच बसव, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. पखवाजाची पुडीही सांगून ठेव, माप सोबत पाठवतो. आणि रात्री माडीवर बसू तेव्हा माझी भीड न धरता सांग, मी चुकलो का.

तुझा,
सुध्या