मतदारसंघ म्हणजे आम्ही, मंत्रिमहोदय!

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पांझराकाठच्या आमच्या गावची नाल्यावरची फरशी पहिल्याच पुरात वाहून गेली. तिथे पूल बांधून देण्याचा शब्द आपण प्रचारसभेत दिला होता. त्याचाच अर्ज घेऊन आपल्या कार्यालयात गेलो. आपल्या स्वीय सहायकांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. बूथनिहाय मतांची यादी काढली, आमच्या गावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून साहेबांना लीड नाही. साहेबांच्या मतदारसंघात कामं कमी आहेत का?"

मतदारसंघ साहेबांचा कधीपासून झाला? मतदारांचा संघ तो मतदारसंघ. हिंदीत 'निर्वाचन क्षेत्र' म्हणतात, त्यात आधी जमीन दिसते. मराठीने आधी माणसं धरली. इंग्रजी 'कॉन्स्टिट्युअन्सी'चं मूळही 'उभं करणं, स्थापणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, आणि 'कॉन्स्टिट्युअंट' म्हणजे आपल्या वतीने मुखत्यार नेमणारा. नेमणारे आम्ही, मुखत्यार तुम्ही. तुम्हाला मत न देणाराही त्याच संघात असतो. मग लीड कसला विचारता?

परवा माझ्या आईला ताप चढला. अ‍ॅम्ब्युलन्स नाल्यापलीकडे थांबली. आम्ही चौघांनी तिला बाजेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. बाजेचा सुंभ भिजून सैल पडला होता आणि आई माझं मनगट सोडत नव्हती. दुधाचे कॅन रोज असेच डोक्यावरून जातात. शेजारची म्हातारी आजी मलाच विचारते, "मत दिधं, मंग पूल कोठे शे?" काय सांगू तिला?

आणि हे एकट्या आमच्या गावाचं नाही. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल लोकसभा मतदारसंघांच्या यादीतून गेलं. साक्री-शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण खासदार नंदुरबारचा. धुळ्याच्या खासदाराकडे मालेगाव आणि बागलाण, नाशिक जिल्ह्यातले. कलेक्टर एकीकडे, खासदार दुसरीकडे. माणसाने कागद घेऊन कुठे कुठे फिरायचं? त्या रेषा २००१च्या जनगणनेवर आखल्या. तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी मिळतो, आमदाराचा वेगळा, मंत्र्याचा शब्द त्याहून वजनदार. तरी आमच्या वाट्याला बूथची यादीच येते! पाच वर्षांतून एकदा हात जोडायचे आणि मधल्या काळात आमची मतं मोजून आमची लायकी ठरवायची, हा कुठला कारभार?

पुलाचं अंदाजपत्रक झालं आहे का, निधी कोणत्या हेडमधून येणार आणि काम कधी सुरू होणार, हे लेखी कळवा. तोवर निदान पायी जाण्यापुरता लोखंडी साकव तरी टाका. आणि ती बूथची यादी कार्यालयाच्या टेबलावरून उचला.

आपला,
पांझराकाठचा एक मतदार