दाबोळी : आश्वासनांपेक्षा वेळापत्रक पाहा

संपादक महोदय,

दक्षिण गोव्यातला दाबोळी विमानतळ बंद होणार नाही, असे सरकार वारंवार सांगते. ते खरे धरले तरी दक्षिण गोव्याची चिंता मिटत नाही. हैदराबादचा बेगमपेट आणि बंगळूरचा एचएएल हे विमानतळ २००८ मध्ये नव्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत दुसरा नको, या त्यांच्या करारातील अटीपायी प्रवासी विमानांना बंद झाले. इथे तसे काही करावे लागत नाही. एकेक विमान उत्तर गोव्यातल्या नव्या मोपा विमानतळाकडे सरकत जाते. कतार एअरवेज जून २०२४ मध्ये दाबोळीहून मोपाला गेली, तेव्हा कुणी टाळे लावले नव्हते.

दाबोळी हा नौदलाचा तळ. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रशिक्षणासाठी जातात, म्हणजे कंपन्यांना हवी ती वेळ मिळत नाही. मोपाला ३५०० मीटरची धावपट्टी आणि चोवीस तास मोकळीक. शिवाय मोपाच्या करारात एकूण महसुलाचा ३६.९९ टक्के वाटा राज्याला देण्याचे ठरले आहे. दाबोळीचे टर्मिनल केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाकडे. अशा वेळी राज्याने तटस्थ राहावे ही अपेक्षा जरा भाबडीच.

म्हणून लक्ष ठेवायचे ते वेळापत्रकावर. ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. दोन्ही विमानतळांच्या उड्डाणांची बेरीज बघून काहीच कळत नाही. दाबोळीहून कोणत्या शहराला सकाळी जाऊन रात्री परतता येते, हे दर वेळी तपासावे. त्यातले एक विमान गेले तरी त्या शहरातले दिवसाचे काम मुक्कामाचे होते.

पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ल्याला मोपा सोयीचाच आहे. (२०२१ मध्ये सुरू झालेल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे प्रवासीही त्याने ओढले, ते वेगळे.) पण काणकोणहून मोपा शंभर किलोमीटरच्या आसपास पडतो. तिकीट काढताना नुसते ‘गोवा’ टाकले की दोन्ही विमानतळांची विमाने एकत्र दिसतात; स्वस्त पाहून घेतलेल्या तिकिटातली बचत टॅक्सीत जाते. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा, हे पैसे भरण्यापूर्वी बघावे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर विमान गेलेच म्हणून समजा: सामान घेणारे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि दोन्हींमधले अंतर तेवढ्यात कापले जात नाही.

राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या बसचे गणित विमानावरून उलटे मांडायला हवे. पहाटे सहाच्या विमानासाठी चारला मोपाला पोहोचायचे, तर मडगावहून दोनला निघावे लागते. त्या वेळी बस नसेल तर दिवसभरात कितीही फेऱ्या असोत, त्या प्रवाशाला उपयोग नाही. परतीच्या शेवटच्या बसने उशिरा येणाऱ्या विमानासाठी थांबावे. ऑक्टोबरचे वेळापत्रक लागू होण्यापूर्वी महामंडळाने या वेळा जाहीर कराव्यात, आणि दाबोळीहून कोणती विमाने कमी झाली याची यादी सरकारने त्याच दिवशी द्यावी.

— एक प्रवास व्यावसायिक, मडगाव