दुखत नाही म्हणून पायावरचं पुरळ सोडून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला टाचांच्या भेगांवरचा लेख वाचला. भेगा ठणकतात, त्यामुळे माणूस त्यांच्याकडे बघतो तरी. मी त्वचारोगाच्या ओपीडीत परिचारिका होते. तिथे मला जास्त काळजी वाटायची ती न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या पुरळाची. रुग्ण आलेला असायचा हाताच्या खरजेसाठी किंवा केस गळतात म्हणून. तपासणीसाठी मोजे उतरवले की घोट्यावर लालसर ठिपके नाहीतर पावलावर फिकट चट्टा दिसायचा. कधीपासून आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, "असेल बरेच दिवस, त्याचा काही त्रास नाही." या उत्तराविषयी मला लिहायचं आहे.

आमच्या टेबलावर काचेची एक पट्टी कायम असायची. ती ठिपक्यावर दाबून धरायची. खालची लाली पुसली गेली तर रक्त अजून नसांमध्येच आहे आणि कातडीला नुसती सूज आहे. लाली तशीच राहिली तर रक्त नसेतून बाहेर पाझरलेलं आहे. घरी हेच स्वच्छ, पारदर्शक काचेच्या पेल्याने करून बघता येतं. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, म्हणून हे भर उजेडात बघावं.

रक्त पाझरलं म्हणजे भयंकर काही झालं असं नाही. नडगीवर आणि घोट्याभोवती तिखट सांडल्यासारखे बारीक, विटकरी ठिपके उठतात, हाताला सपाट लागतात. हा प्रकार शॅमबर्ग या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1901 मध्ये नोंदवला, त्याचंच नाव त्याला आहे. केशवाहिन्यांमधून रक्तपेशी झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून तपकिरी डाग राहतो. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो, पण अपाय करत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की रुग्णाच्या मनावरचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे.

तेच ठिपके बोटाला उंचवट्यासारखे लागले तर मात्र लघवी तपासायलाच हवी. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते आणि तीच सूज मूत्रपिंडातही असू शकते. मूत्रपिंडही तेव्हा दुखत नाही. लहान मुलाच्या पायांवर असे ठिपके उठले, सोबत पोट किंवा सांधे दुखत असले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. ताप आहे, मूल किंवा मोठं माणूस मलूल झालं आहे आणि काचेखाली डाग पुसले जात नाहीत, असं असेल तर सकाळची वाट बघू नये, थेट तातडीच्या विभागात जावं. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि हिरड्यांतून रक्त, असं दिसलं तर प्लेटलेट मोजून घ्याव्यात. नवीन गोळी सुरू झाल्यावर पुरळ उठलं असेल तर ती गोळी डॉक्टरांना दाखवावी.

हे सगळं पायांवरच का येतं, असं रुग्ण विचारत. उभ्या माणसाच्या रक्ताचा सगळा दाब घोट्याशी येतो. शिरांमधल्या झडपा सैल पडल्या की रक्त वर चढत नाही, संध्याकाळी पाय सुजतात आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी हळूहळू काळपट तपकिरी होते. सुरुवातीला काहीच दुखत नाही. पुढे तिथेच खाज सुटते, कातडी फुटते आणि भरता न भरणारी जखम होते. पाय छातीच्या पातळीवर उंच ठेवून पडणं आणि दाबाचे मोजे वापरणं हा त्यावरचा खरा उपाय. पण मोजे घेण्याआधी पावलाची धमनी तपासून घ्यावी. रक्तपुरवठाच कमी असेल तर घट्ट मोजे उलट इजा करतात.

बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या सगळ्यांना ओळखू येतात. फसवते ती तळव्यावरची बुरशी. तळवा कोरडा पडतो, रेषांमध्ये पांढरी पूड साचल्यागत दिसते, खाज बहुधा नसतेच. लोक वर्षानुवर्षं त्यावर कोरड्या त्वचेचं क्रीम चोळत राहतात. दोन्ही तळवे आणि एकच हात असा कोरडा दिसला, किंवा पायाची नखं जाड, पिवळी झाली असली, तर बुरशीचा संशय घ्यावा. कातडीचा चुरा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बहुतेक वेळा निदान होतं. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलसारखं मलम आठवडे मोजून लावावं लागतं, आणि नखात बुरशी शिरली असेल तर अनेकदा गोळ्या घ्याव्या लागतात. बोटांमधली जागा रोज कोरडी करणं हा उपचाराचाच भाग आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेल्या ट्यूब कुणाच्या तरी सांगण्यावरून लावू नका. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. आत बुरशी पसरत असते. चट्ट्याची कड पुसट होते, आणि मग अनुभवी डॉक्टरलाही तो ओळखणं अवघड जातं. असे कितीतरी पाय मी पाहिले आहेत आणि त्या प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटलं. याउलट पावलाच्या वरच्या बाजूला गोल कड्यासारखा चट्टा असतो, गुळगुळीत, कोंडा न सुटणारा. लोक त्याला नायटा समजतात, पण तो पुष्कळदा नायटा नसतोच आणि बऱ्याचदा उपचाराशिवाय जातो.

आता ज्यासाठी मुख्यतः लेखणी उचलली ते. एका तरुणाच्या पावलावर फिकट चट्टा होता. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात चट्ट्यावरून फिरवली. स्पर्श झाला की बोट ठेवायचं होतं. वात फिरून झाली आणि तो म्हणाला, "सिस्टर, सुरू केलं का?" त्याला कुष्ठरोग होता. चट्टा दुखत नव्हता, कारण तिथली संवेदनाच गेली होती.

नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू 1873 मध्ये शोधला. आज त्यावर खात्रीचे उपचार आहेत: रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. 1995 पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ही औषधं जगभर मोफत मिळतात. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरण्याची भीती लवकरच संपते. मज्जातंतूंचं झालेलं नुकसान मात्र औषधाने नेहमी भरून निघत नाही, म्हणून लवकर येण्याला एवढं महत्त्व. सगळेच चट्टे बधिर नसतात, तेव्हा चट्ट्याला स्पर्श कळतो म्हणून निर्धास्त राहू नका. तळव्याची कातडी जाड असते, तिथे कापसाचा भरवसा नाही. तिथे 10 ग्रॅम जोराला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवतात. मधुमेहींच्या पायांनाही हीच तपासणी लागते, कारण त्यांच्यात पुरळ, फोड, जखम यांतलं काहीही न दुखता वाढू शकतं. चालताना चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, असं कुणी सहज बोलता बोलता सांगितलं तरी ते ऐकून सोडू नका.

आणखी एक विषय लोक टाळतात. तळवे आणि तळहात दोन्हीवर न खाजणारे तांबूस डाग उठले तर सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगासाठी रक्त तपासावं. हे डाग आपोआप जातात, रोग शरीरात राहतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. डॉक्टरांपुढे यात लाजण्यासारखं काही नाही. तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, तर तोही दाखवावा. सावळ्या माणसांना होणारा मेलॅनोमा हा कर्करोग बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखालीच सुरू होतो.

आपल्या पुरवणीत न दुखणाऱ्या चट्ट्यांची छायाचित्रं, सावळ्या कातडीवरचीही, एकदा पानभर छापावीत अशी विनंती आहे. वाचकांनीही दिसलेल्या पुरळाचा दर आठवड्याला भर उजेडात एक फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांकडे जाताना नखांचा रंग काढून जावं, दोन्ही पायांचे मोजे उतरवावेत आणि आतापर्यंत लावलेल्या ट्यूब, रिकाम्या झाल्या असल्या तरी, सोबत न्याव्यात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका