सिगारचा भाव नंतर, आधी ओलावा पाहा

महोदय,

सिगार दुकानातून घ्यावा की ऑनलाइन मागवावा, हा प्रश्न निघाला की बोलणं भावावर येऊन थांबतं. माल खराब होतो तो मात्र साठवणीत. सिगार म्हणजे गुंडाळलेलं पान, आणि ते ६५ ते ७० टक्के आर्द्रतेतच नीट राहतं. मुंबईत जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पुण्या-नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांवर उतरते. एकीकडे बुरशी, दुसरीकडे तडे. म्हणून विकणाऱ्याने सिगार कशात ठेवले आहेत, हे भाव विचारण्याआधी पाहायला हवं.

दुकानात हे डोळ्यांनी दिसतं. सिगारची पेटी, म्हणजे ह्युमिडोर, आतून ‘स्पॅनिश सीडर’च्या लाकडाची असते. नाव सीडर असलं तरी हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. त्या पेटीत आर्द्रतामापक आहे का आणि काटा कुठे आहे, हे बिनदिक्कत विचारावं. ‘फ्रिजमध्ये ठेवलेत, एकदम ताजे आहेत’ असं उत्तर आलं तर घेऊ नये. फ्रिज ओलावा शोषून घेतो. एसी दुकानात काचेच्या उघड्या कपाटात मांडलेल्या मालाचीही तीच गत.

मग सिगार हातात घ्यावा आणि अंगठा व तर्जनीत टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जावं. दाबल्यावर किंचित लवून पूर्ववत झाला तर उत्तम. करकर वाजला तर वाळलेला, स्पंजासारखा बसला तर ओलावलेला. मध्येच गाठ लागली तर तिथे पानं दाटली आहेत. तो ओढताना अडणारच. वरच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं, तर शेजारचे सिगारही नकोत. हा तंबाखूचा भुंगेरा. साठवलेल्या हळदीला लागतो तोच. २४-२५ अंशांच्या वर तापमान गेलं की त्याची अंडी झपाट्याने फुटतात, आणि आपल्याकडे बंद खोलीत एवढं तापमान वर्षातले बहुतेक महिने असतंच.

ऑनलाइन मालाच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही. वर गोदाम, टेम्पो, पुन्हा गोदाम असा उन्हातला प्रवास. पार्सल आलं की पेटवायची घाई नको. आधी उघडतानाचं चित्रीकरण करावं, तक्रारीच्या वेळी तेच उपयोगी पडतं. मग हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांचं ओलावा राखणारं पाकीट घालून सिगार दोन आठवडे तसेच ठेवावेत. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारना पुरतं. वाळलेला सिगार एकदम ओल्यात टाकू नये; आतली पानं आधी फुगतात आणि वरचं पातळ पान उलतं.

मापकावरही डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने ते ओलं करावं. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक बंद पिशवीत दिवसभर ठेवले की काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवत असेल तर तो पाच कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचावं.

आता अस्सल-नकलीचं. क्यूबन सिगारच्या डब्यावर हिरवी सरकारी पट्टी, तिच्यावर होलोग्राम व बारकोड, आणि तळाशी कारखान्याची खूण व महिना-वर्ष उमटवलेलं असतं. काचेच्या झाकणाचा ‘कोहिबा’ (क्यूबाचा नामांकित ब्रँड) कुणी दाखवला तर तो नकलीच. आपल्याकडे मात्र याहून सोपी खूण आहे. भारतात विकायच्या तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा सक्तीचा आहे, शिवाय आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत हवी. इशारा नसलेला डबा ‘थेट बाहेरून आलेला, म्हणून अस्सल’ असं सांगून खपवला जातो. तो चोरवाटेने आलेला असतो, आणि वाटेत कुठे किती दिवस तापत पडला होता याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

आमचं मत स्पष्ट आहे: सुटा सिगार दुकानात हाताळूनच घ्यावा, आणि अख्खा डबा ऑनलाइन घ्यायचाच तर लेबलाचे स्वच्छ फोटो आधी मागवून. अठरा वर्षांखालच्यांना विक्री हा गुन्हा आहे. दुकानदारासमोर गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे तो वय विचारू शकतो. पार्सल मात्र दार उघडणाऱ्या कुणाच्याही हाती पडतं. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. त्यामुळे ही ढिलाई क्षुल्लक नाही. वैध मापन शास्त्र विभागाने, म्हणजे वजन-मापं आणि वेष्टनावरची माहिती तपासणाऱ्या सरकारी खात्याने, ऑनलाइन विक्रीच्या पानांवर आयातदाराचं लेबल आणि सचित्र इशारा दिसतो का, याची तपासणी सुरू करावी, आणि माल पोचवणाऱ्यांना दारात वयाचा पुरावा पाहणं बंधनकारक करावं.

– काही जाणकार वाचक, पुणे