ॲनिमेशनची जागा फक्त मुलांच्या पानावर नाही

मा. संपादक,
महोदय,

आपल्या वृत्तपत्रात ॲनिमेशनविषयी जे काही छापून येते, ते बहुतेक वेळा मुलांच्या पानावर, कोडी आणि चित्र रंगवण्याच्या सदराशेजारी येते. मराठीतील जवळजवळ सगळ्याच वृत्तपत्रांची ही रीत आहे. त्यामुळे हलती चित्रे म्हणजे मुलांचा खाऊ, हा समज वाचकांच्या मनात इतका पक्का बसला आहे की प्रौढ प्रेक्षकांसाठी जाणीवपूर्वक केलेल्या ॲनिमेशन मालिकांची दखल कोणी घेत नाही आणि त्या मुलांच्या हाती पडल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही. अशाच एका मालिकेचे उदाहरण घेऊन मी माझे म्हणणे मांडू इच्छिते. मी अनेक वर्षे पुण्यातील मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाविषयी त्या मालिकेइतके खरे बोलणारे फार थोडे माझ्या पाहण्यात आले आहे.

‘अंडरग्रॅड्स’ ही मालिका २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एमटीव्हीवर सुरू झाली आणि कॅनडात टेलिटून या वाहिनीवर दाखवली गेली. तिचे अवघे १३ भाग निघाले. पीट विल्यम्स या तरुणाने ती निर्माण केली आणि टोरंटोच्या डिकोड एंटरटेनमेंट या संस्थेने तिच्या निर्मितीची बाजू सांभाळली. शाळेपासून एकत्र असलेले चार मित्र पदवीच्या पहिल्या वर्षाला चार वेगवेगळ्या महाविद्यालयांत जातात, एवढेच तिचे कथासूत्र आहे. महाविद्यालयावरच्या बहुतेक मालिका सगळ्या पात्रांना एका आवारात, एका कँटीनमध्ये आणून ठेवतात, कारण लेखकाला ते सोयीचे असते. इथे मात्र पहिल्याच भागात चौघांच्या वाटा वेगळ्या होतात आणि जुनी टोळी टिकवण्याची धडपड हाच मालिकेचा कणा होतो.

निट्झ हा या टोळीचा मध्यबिंदू असून तो सर्वार्थाने सामान्य मुलगा आहे. किमी या मुलीवर त्याचे शाळेपासून मूक प्रेम आहे. जेसी नावाची नवी मैत्रीण त्याला खरोखर ओळखते, तिच्यापाशी तो मोकळा होतो, पण ते त्याच्या उशिरा ध्यानात येते. गिम्पी तंत्रशिक्षण संस्थेत शिकतो. संगणकांच्या उजेडाने भरलेल्या अंधाऱ्या खोलीतून तो बाहेर पडायला तयार नसतो, पण आपल्यासारख्याच संगणकवेड्या मुलांचा तो म्होरक्या आहे. कॅल भाबडा आहे आणि मुली त्याच्याभोवती का जमतात हे त्याचे त्यालाही कळत नाही. रॉकोला काहीही करून विद्यार्थ्यांच्या एका बंधुमंडळात, म्हणजे निवडक मुलांनाच घेणाऱ्या फ्रॅटर्निटीत, प्रवेश हवा असतो आणि त्यासाठी तो वाटेल तो अपमान सोसतो. रॉको आडदांड आणि कर्कश आहे, सुरुवातीला तर त्याचा रागच येतो. परंतु ज्यांना तो नको आहे त्यांच्याच दारात तो पुन्हा पुन्हा उभा राहतो हे पाहताना मला आमच्या वसतिगृहातल्या कितीतरी मुली आठवल्या. एखाद्या गटात आपल्याला घ्यावे म्हणून आपले बोलणे, कपडे, गावाचे नावसुद्धा त्या बदलून सांगत असत.

या मालिकेतील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. निट्झ आणि गिम्पी वेबकॅमवरून एकमेकांशी बोलतात. ऑर्कुट आणि फेसबुक २००४ मध्ये आले आणि व्हॉट्सॲप २००९ मध्ये, हे लक्षात घेतले तर २००१ च्या एका विनोदी मालिकेने पडद्यावरून चालणाऱ्या मैत्रीचे चित्र किती आधी रेखाटले होते ते समजते. दोघे रोज एकमेकांना पाहतात, तरी एकाच्या आयुष्यात काय बदलते आहे याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. माझ्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत दिवाळीची सुट्टी संपवून परतलेली प्रथम वर्षाची एक मुलगी रात्रीच्या हजेरीनंतर माझ्या टेबलापाशी रेंगाळली आणि तिने मला आपला मोबाइल दाखवला. गावाकडच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर शेवटचा संदेश तिचाच होता, ‘मी पोहोचले’ एवढाच, आणि त्याला उत्तर आलेले नव्हते. भांडण झालेले नव्हते, कोणी कोणाला दुखावलेले नव्हते, सगळ्या आपापल्या नव्या जागी रमल्या होत्या इतकेच. या दुःखाची दखल पालक घेत नाहीत, प्राध्यापक घेत नाहीत आणि आपले मनोरंजन तर मुळीच घेत नाही, कारण त्यात घटना म्हणून दाखवण्याजोगे काही घडत नाही. ‘अंडरग्रॅड्स’ने तेरा भाग त्यावरच उभे केले आहेत आणि हसवत हसवत उभे केले आहेत.

हे ॲनिमेशनमध्येच का करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर मालिकेच्या घडणीतच आहे. निट्झ, गिम्पी, कॅल आणि रॉको या चौघांनाही एकट्या पीट विल्यम्सनेच आवाज दिला आहे. एकाच तरुणाच्या मनातली सामान्यपणाची भीती, एकलकोंडेपणा, भाबडेपणा आणि मान्यतेची भूक या चार देहांत वाटली गेली आहे, असे ती पाहताना सतत जाणवते. जिवंत नटांना घेऊन हे साधले नसते. जाड रेषा आणि सपाट रंग यांनी काढलेले चेहरे आधी उथळ वाटतात, पण या साधेपणामुळेच पात्राच्या मनातली कल्पना आणि समोरचे वास्तव यांच्यात क्षणात ये-जा करता येते आणि प्रेक्षकाला ती खटकत नाही.

मालिकेत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. दारू आणि लैंगिक संबंध यांवरचे विनोद पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही निव्वळ बाष्कळ आहेत. किमीला बराच काळ स्वतंत्र मन दिलेले नाही, ती निट्झच्या डोळ्यांनीच दिसते. एकूणच मुलींचे पहिले वर्ष कसे असते याची या लेखकांना फारशी कल्पना नव्हती आणि जेसी नसती तर मालिका एकांगी झाली असती. हे सर्व मान्य करूनही ती प्रौढांनी गांभीर्याने पाहावी आणि तिच्याविषयी गांभीर्याने लिहिले जावे अशा योग्यतेची आहे, असे माझे मत आहे. याच एमटीव्हीवर १९९७ पासून चाललेली ‘डारिया’ ही शाळकरी मुलीवरची ॲनिमेशन मालिका २००२ मध्ये नायिकेला महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर सोडून संपली. त्या उंबरठ्याच्या आत काय असते हे दाखवण्याचे काम ‘अंडरग्रॅड्स’ने त्याआधीच हाती घेतले होते. अमेरिकेत ती लवकर बंद पडली, पण कॅनडात पुनःप्रक्षेपणांतून तिला जिव्हाळ्याचा प्रेक्षक मिळाला आणि २०१८ मध्ये त्या चाहत्यांनी चित्रपटासाठी इंटरनेटवरून वर्गणी उभी केली.

आपल्याकडे या प्रकारच्या मालिकांची ओळख झाली ती मात्र वादातूनच. ‘क्लोन हाय’ या शाळेवरील अमेरिकी मालिकेत ऐतिहासिक व्यक्तींच्या प्रतिकृती विद्यार्थी म्हणून दाखवल्या होत्या आणि त्यात गांधीजींच्या प्रतिकृतीचे चित्रण उच्छृंखल मुलगा असे होते. २००३ च्या जानेवारीत, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या सुमारास, दिल्लीत याविरुद्ध उपोषण झाले आणि एमटीव्हीला खेद व्यक्त करावा लागला. ज्यांना वेदना झाल्या त्यांच्या भावना मी समजू शकते आणि ते चित्रण मलाही रुचलेले नाही. परंतु प्रौढांसाठीचे ॲनिमेशन वृत्तपत्रात येते ते केवळ आंदोलनाची बातमी म्हणून, समीक्षेचा विषय म्हणून कधीच येत नाही, ही परिस्थिती तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

वास्तविक मुंबईला हा प्रकार नवा नाही. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत कार्टून फिल्म युनिट सुरू केले, तेव्हा तिथल्या चित्रकारांना शिकवण्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले होते आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन तिथेच घडले. या युनिटने मुलांसाठी ‘द बॅनियन डिअर’सारखी जातककथा केली, तशाच कुटुंबनियोजनासारख्या विषयांवरच्या चित्रफितीही केल्या, ज्या मोठ्या माणसांसाठीच होत्या आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी मोठ्या माणसांनी पाहिल्या. मग ज्या माध्यमातून सरकार प्रौढ नागरिकांशी अशा नाजूक विषयावर बोलू शकत होते, ते माध्यम पुढच्या पिढ्यांच्या नजरेत केवळ बालविभागाचे कसे होऊन बसले, याचा शोध आपल्या पुरवणीने एकदा जरूर घ्यावा.

या समजाचे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये इंटरनेटवरील मालिकांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वयोगट ठरवून द्यावे लागतात, १३ वर्षांवरील गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवावी लागते आणि ए गटासाठी वयाची खातरजमा करावी लागते. ही सोय उत्तम आहे, पण पडद्यावर रंगीत चित्रे हलताना दिसली की पालक ते अक्षर वाचण्याचे कष्टच घेत नाहीत. स्वयंपाकघरातून आईला कार्टूनचा आवाज ऐकू येतो, ती निश्चिंत होते, आणि आठ वर्षांचा मुलगा १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी लिहिलेले संवाद पाठ करतो, हे मी माझ्या नात्यातल्या घरांत पाहिले आहे. यावर बंदीचा सूर लावणे सोपे आहे, पण त्या मालिकेचा दोष नसतो, ती कोणासाठी आहे हे तिने आधीच सांगितलेले असते.

म्हणून माझ्या आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली ही की, चित्रपट आणि नाटक यांच्या समीक्षेबरोबर प्रौढांसाठीच्या ॲनिमेशन मालिकांचीही समीक्षा त्याच पानावर, त्याच निकषांनी आणि वयोगटाच्या स्पष्ट उल्लेखासह छापावी. मुलांच्या पानावर ती कदापि नसावी. दुसरी विनंती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वतीने आहे. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी मुले एकांकिका लिहितात, बसवतात आणि आपल्या वसतिगृहातले, मेसमधले, एसटी स्टँडवरचे जग रंगमंचावर आणतात. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या केंद्रासारख्या संस्थांत ॲनिमेशन शिकणारी मुलेही याच वयाची आहेत. लिहिणारे आहेत आणि चित्रे काढणारेही आहेत, फक्त दोघांची गाठ पडलेली नाही. सांगलीहून, लातूरहून किंवा पणजीहून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या चार मित्रमैत्रिणींची मालिका मराठीत, आपल्याच रेषांत होऊ शकते. ज्यांना तशी काही मिनिटांची चित्रफीत करावीशी वाटते, त्यांच्या कामाची ओळख करून देणारे एक सदर आपण येत्या जूनमध्ये, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना काढावे. त्यासाठी लागेल ती मदत, अगदी संहिता वाचून पाहण्याचीही, करण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वसतिगृह रेक्टर, पुणे